खुरांपासून दहा मीटर

१२ डिसेंबर

आज जागा पाहून आले. शिरूर कासारच्या बाहेर पाच-सहा किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी बद्रीनाथअण्णांची पाऊण एकर. वीस वर्षं बीडमध्ये दुसऱ्यांच्या ऑफिसात नकाशे काढले. रेघ माझी, सही साहेबांची. आता परवाना माझा आणि ऑफिसही माझं. ऑफिस म्हणजे आमच्या घराच्या जिन्याच्या वळणावरची खोली, धड खाली नाही, धड वर नाही. पण बाहेर माझ्या नावाची पाटी आहे, 'सत्यशीला' अशी ठसठशीत.

पहिलं मोठं काम मिळालं ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या साठ मुलींच्या वसतिगृहाचं. दिवाळी झाली की इकडची गावं ओस पडतात. आई-बाप कोयता घेऊन कारखान्याकडे जातात आणि पोरी शाळा सोडून त्यांच्या मागे, धाकट्यांना सांभाळायला. पुढच्या दिवाळीच्या आत इमारत उभी राहिली पाहिजे, असं संस्थेचं म्हणणं. संस्था म्हणजे अण्णाच.

जागा उताराची आहे. उत्तरेला उंच, दक्षिणेला उतरत उतरत एका खळग्यात संपते. खळग्यात पावसाळ्याचं पाणी अजून थोडं आहे. मी टेप घेऊन मोठ्या तोऱ्यात खाली उतरले आणि डावी चप्पल चिखलात रुतून बसली. बांधावर शेरडं घेऊन बसलेली एक बाई खो खो हसली. "बाई, तितं आमची शेरडं बी दमानं उतरत्यात," म्हणाली. मग तिनेच काठीने चप्पल काढून दिली आणि पाय धुवायला आपल्या कॅनमधलं पाणी ओतलं. रतनबाई तिचं नाव. चप्पल नवी होती, याचा राग अजून गेला नाही.

९ जानेवारी

भूमिपूजन झालं, आमदारसाहेबांच्या हस्ते. जागा ओळखू येईना! अण्णांनी तीन दिवस जेसीबी लावला, टिपरने मुरूम आणून टाकला आणि सगळं तळहातासारखं सपाट केलं. "साहेब येनार, तीनशे खुर्च्या लागनार. उतारावर खुर्च्या कलंडल्या तर आपलीच इज्जत जाईल की, मॅडम," म्हणाले. एकही खुर्ची कलंडली नाही. भाषणं मात्र दोन तास चालली.

काळ्या दगडाची कोनशिला बसवली, त्यावर साहेबांचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत अण्णांचं. माझं नाव नाही. मला दुसऱ्या रांगेत खुर्ची आणि गळ्यात शाल मिळाली. ठीक आहे.

१७ जानेवारी

मोजणीवाला सत्यम आज यंत्र घेऊन आला. पोरगा कामाला चोख आहे. दर तीन मीटरवर जमिनीची पातळी घेतली. शून्य कुठे धरायचं विचारलं तर सरळ कोनशिलेकडे बोट दाखवलं. "इथं न हलनारं दुसरं काय हाय, मॅडम?" मला पटलं. साहेबांच्या नावाचा दगड हलवायची छाती कोणाची आहे?

संध्याकाळपर्यंत फाइल आली. एवढा नीटनेटका डेटा मी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

२६ जानेवारी

परवानगीत एक अट असणार आहे: उताराच्या जागेवर मूळ जमिनीपासून दहा मीटरच्या वर बांधकाम नको. पूर्वी आम्ही हे अंदाजपंचे करायचो. चारी कोपऱ्यांच्या उंच्या घ्यायच्या, सरासरी मारायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

आता आरोहीने, म्हणजे पुण्यात आर्किटेक्चर शिकणाऱ्या माझ्या लेकीने, फोनवरून नवीन सॉफ्टवेअर शिकवलं. युक्ती भन्नाट आहे. आधी मोजणीतून जमीन तयार करायची, चढउतारांसकट. मग तिची एक प्रत काढायची, ती बरोबर दहा मीटर वर उचलायची आणि हिरव्या काचेसारखी पारदर्शक करायची. जमिनीवर जशी गोधडी पसरावी तशी ती वरती तरंगत राहते. खाली उतार असेल तिथे तीही उतरते. मग इमारत ठेवायची. जेवढी काचेच्या वर डोकं काढील, तेवढी बेकायदा.

माझी काढत नाही. जोतं साठ सेंटिमीटर आणि तीन-तीन मीटरचे तीन मजले, म्हणजे नऊ मीटर साठ. वर चाळीस सेंटिमीटर शिल्लक! मी सरांना हाक मारून दाखवलं. सर म्हणजे आमचे हे, शिवशंकर. शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून गल्लीतले सगळे सर म्हणतात आणि मीही. चहाचा कप घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण डोंगराच्या पायथ्याला इतकी सपाट जमीन मी भूगोलात वाचली नाही." यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

८ फेब्रुवारी

जागेवर लॅपटॉप नेला होता. रतनबाई शेरडं घेऊन आली, बरोबर नात स्वप्ना. आठवीत आहे, चुणचुणीत. तिचे आई-बाप कोयत्यावर आहेत. ती सध्या मामाकडे राहते, पण मामाही पुढच्या हंगामात जाणार. रतनबाई यंदा चारा होता म्हणून थांबली, पण पुढच्या दिवाळीनंतर तीही कळप घेऊन गोदाकाठाला उतरणार, म्हणजे घरी कोणीच नाही. पुढच्या दिवाळीला वसतिगृह झालं तर पोरगी नववी करेल, नाहीतर उसात. असा सरळ हिशेब आहे.

"ताई, माझी खोली कुठली?" स्वप्नाने विचारलं. मी इमारत फिरवली आणि तिसऱ्या मजल्यावरचा दक्षिणेचा कोपरा दाखवला. तिथून तिची शाळा दिसेल. तिने स्क्रीनवर बोट टेकवलं, डाग पडला, मी पुसला नाही.

रतनबाई मात्र खालीच बघत होती. "ह्यात आमचं खळगं कुटं गेलं?"

"मावशी, हे यंत्राने मोजलेलं आहे," मी म्हटलं. "एका सेंटिमीटरचाही फरक नाही."

"असंल," ती म्हणाली आणि शेरडांमागे गेली. भाबडी आहे बिचारी.

२१ मार्च

परवानगी आली! दहा मीटरची अट आहेच. पाया खणायच्या आधी उंचीचा दाखला द्यायचा, माझ्या सहीने. माझ्या!! सरांनी पेढे आणले. आरोहीला फोटो पाठवला.

६ एप्रिल

आज पाण्याचा टँकर रुतला. पाया खणायच्या आधी पाणी साठवायला बोलावला होता. कोनशिलेपासून पंधरा पावलांवर मागे घेत होता, आणि मागचं चाक आसापर्यंत खाली. ड्रायव्हर ओरडायला लागला, "ही जमीन हाय का फरसाण बे?" जेसीबीने ओढून काढला आणि जाता जाता ती जागा पुन्हा चोपून सपाट केली.

मुरूम दबला असेल, असं मी म्हटलं. अण्णाही तेच म्हणाले, जरा घाईनेच.

७ एप्रिल

सकाळी सरांना टँकरची गोष्ट सांगितली. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "रोज वही लिहितेस. कधी वाचतेस का?"

वाचली. बारा डिसेंबर. माझीच चप्पल, माझंच अक्षर, माझाच चिखल. आणि त्याखाली नऊ जानेवारी, सतरा जानेवारी. मुरूम आधी, मोजणी नंतर. मी काचेची गोधडी पसरली ती मूळ जमिनीवर नाही, साहेबांच्या खुर्च्यांसाठी केलेल्या सपाटीवर. सत्यमचं यंत्र खोटं बोललं नाही. त्याला जे दाखवलं ते त्याने मोजलं. मी मात्र त्या खळग्यात स्वतः उभी होते. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी आरसा घेऊन बसले होते. लाज वाटली. अजून वाटते आहे.

पाया त्या मुरमातच बसला असता. तो खोल घेता येईल, ते सोपं. उंचीचं काय? खळगं किती खोल होतं ते मला आठवत नाही. गुडघाभर असेल तर जोतं थोडं दाबून निभावेल. पुरुषभर असेल तर? करून पाहिलं. जमीन तेवढी खाली ओढली की हिरवी काचही खाली येते आणि दक्षिणेच्या वरच्या चार खोल्या तिच्यातून लालभडक वर येतात. चार खोल्या, चोवीस मुली. कोपऱ्यावरची खोली सगळ्यांत वर.

९ एप्रिल

अण्णांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबला नाही.

"मॅडम, माज्या बापाची जागा. मला ठाव न्हाई व्हय खळगं कुटं व्हतं?"

"मग मोजणीच्या वेळी बोलला का नाहीत?"

"मला काय म्हाईत तुमी माती बी मोजताल म्हून! मला वाटलं, भिंती मोजत्यात." खरंच तसं वाटलं असावं. चेहरा खोटा नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाया खोल घ्या, त्येला माजी ना न्हाई. पर उंचीचं कोन बघतंय? तुमी सही करा. पुन्हा कागद फिरवले तर पावसाळा तितंच जाईल. दिवाळीला पोरी कुटं ठिवायच्या?"

ते बरोबरच बोलत होते, हेच वाईट. सही केली तर दिवाळीला साठ मुली आत. पण अण्णांचे विरोधक गावात कमी नाहीत. कोणी एक अर्ज ठोकला की काम बंद, आणि मग मुली एका वर्षासाठी नाही, कायमच्या बाहेर. आणि खरं सांगायचं तर माझी सही. वीस वर्षं नव्हती, आता आहे, ती पहिल्याच कागदावर खोटी करू?

"आधी खणून बघू," मी म्हटलं. "गुडघाभर निघालं तर सही करते."

"खना," म्हणाले.

११ एप्रिल

खणलं. सत्यमही आला, तोंड पाडून. टँकर रुतलेली जागा चोपल्यामुळे ओळखू येईना, म्हणून अंदाजाने कोनशिलेसमोर खणलं, तर दोन फूट खोलीवर खडक लागला. अण्णा खूश. "बघा! दोन फुटंच तर हाय." माझ्याही जिवात जीव आला, हे लपवत नाही. दोन फूट म्हणजे जोत्यावर निभावलं असतं. मी लेखणी बाहेर काढली सुद्धा.

बांधावर रतनबाई बसली होती. का कोण जाणे, मी हाक मारली. "मावशी, खळगं इथेच होतं ना?"

तिने आधी अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वर हवेत, जिथे अजून काहीच नाही तिथे, बघत राहिली. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मग उठली, दक्षिणेकडे दहा-बारा पावलं चालत गेली आणि काठी टेकवली. "हितं."

"म्हातारीला काय ठाव," अण्णा पुटपुटले, पण जेसीबीवाल्याने दात लावले होते. मुरूम, मुरूम, नुसता मुरूम. माणूस आत उतरला तर डोक्याचा फेटा तेवढा दिसत होता. मग काळी माती लागली, वाळून विटेसारखी झालेली. सत्यमने हाताने वरची धूळ झाडली. मी वाकून पाहिलं.

काळ्या मातीत खुरांच्या खुणा होत्या. दोन-दोन पाकळ्यांच्या, बारक्या, शेकडो. पाणी प्यायला उतरलेल्या शेरडांच्या. जशाच्या तशा.

सत्यमने एका खुरावर पट्टी टेकवली आणि पातळी घेतली. एक मीटर नव्वद.

अण्णा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. "लहानपनी मी हितं म्हशी धुतल्यात," एवढंच बोलले. सही करा असं पुन्हा म्हणाले नाहीत. रतनबाई कधी निघून गेली ते कळलंही नाही. तिला बिचारीला यातलं काय समजणार!

१४ एप्रिल

तीन दिवस इमारत कापते आहे. चार खोल्या काढल्या की छत्तीस मुली उरतात. इमारत उत्तरेला सरकवली की खडक फोडावा लागतो. चिडून आरोहीवर फोनवर ओरडले. तिचा काहीही संबंध नव्हता.

दुपारी सर चहा घेऊन आले, तर दारात अडखळले. आमच्या जिन्याच्या वळणावर एक पायरी जास्त उंच आहे, रोज कोणी ना कोणी अडखळतं. चहा माझ्या कागदांवर. मी ओरडणार तोच थांबले. मी बसले आहे कुठे? जिन्याच्या वळणावर. खालच्या मजल्यापेक्षा अर्धा मजला वर, वरच्यापेक्षा अर्धा खाली.

इमारत मधोमध कापायची. उत्तरेचा भाग आहे तिथेच. दक्षिणेचा भाग अर्धा मजला, म्हणजे दीड मीटर, खाली सोडायचा आणि त्या खोल्यांत जिन्याच्या वळणांवरून शिरायचं. मुरूम सगळा उचलायचा. खुरांपासून अकरा मीटर पन्नास होती ती उंची बरोबर दहा झाली. जोत्यातून पंधरा सेंटिमीटर आणखी काढले. लाल रंग गेला. चारही खोल्या जिवंत आहेत! मी सरांना कपबशीसकट मिठी मारली. म्हणाले, "चहा परत करतो."

२ मे

अण्णांना पटलं, पण कोनशिलेवर अडले. मुरूम उचलला की दगड उपटावाच लागतो. "साहेबाचं नाव उपटायचं? कावून असं करता, मॅडम?" आठवडा असाच गेला. मी सुचवलं, दगड जिन्याच्या पहिल्या वळणावर भिंतीत बसवू. चढणारी प्रत्येक पोरगी ते नाव वाचेल. अण्णांचा चेहरा उजळला. नारळ पुन्हा फोडला, या वेळी भाषणाविना.

१९ जून

सुधारित नकाशा मंजूर. कार्यालयातल्या बाईंनी उभा छेद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "शून्य पातळी, शेरडांच्या खुरांची खूण. हे काय लिहिलंय?" मी खड्ड्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो हातात घेतला. म्हणाल्या, "आमच्या गावालाही असं एक होतं." आणि शिक्का मारला.

पण जून संपत आला. दिवाळीला पूर्ण इमारत होत नाही. अण्णांना हे तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली.

१२ ऑक्टोबर

दक्षिणेच्या सगळ्यांत खालच्या दोन खोल्या राहण्याजोग्या झाल्या. बारा मुली. जिथे पाणी साठायचं, बरोबर त्याच जागी; पाण्याला आता बाजूने चर काढून दिला आहे. बाकीच्या अठ्ठेचाळीस अजून बाहेरच.

शाळेत चिठ्ठ्या टाकल्या. सत्तावीस नावं होती. मुख्याध्यापकांनी मलाही बोलावलं. बारावी चिठ्ठी निघेपर्यंत स्वप्ना माझ्याकडेच बघत होती. तिची निघाली नाही. मी अण्णांना बाजूला घेऊन म्हटलं, एक जादा कॉट टाकू. ते म्हणाले, "मंग बाकी चौदांच्या आईबापाला तोंड तुमी दावा."

घरी येऊन सरांना विचारलं, तिला आपल्याकडे बीडला ठेवू का? ते लगेच हो म्हणाले.

२ नोव्हेंबर

आज स्वप्नाच्या घरचा ट्रॅक्टर निघाला. मी पहाटेच पोहोचले. ट्रॉलीत गाद्या, भांडी, दोन कोंबड्या. मी तिच्या आईला म्हटलं, पोरीला माझ्याकडे ठेवा. आईने कडेवरच्या लहानग्याकडे बघितलं. "ह्येला कोन बघंल, ताई?" तिचा प्रश्न खरा होता. स्वप्ना ट्रॉलीत चढली.

रतनबाई निरोप द्यायला आली होती. तिचा कळप उद्या निघणार. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला खड्ड्यापाशी हाक मारली नसती, तर मी सही करणार होते. पोरगी आज आत असती."

"मला ठाव व्हतं की," ती म्हणाली.

"काय ठाव होतं?"

"तुमीच दावली व्हती न्हवं पोरीची खोली? वरची, कोपऱ्यावरची. खळगं खोल निगालं की तीच जानार, ह्ये तुमच्या बोलन्यातनं मला कळलं व्हतं. लेखनी तुमच्या हातात व्हती, ती बी बघितली मी."

मला ते वर हवेत बघणं आठवलं. जवळजवळ सात महिने मी समजत होते, तिला ऊन लागलं होतं.

"मग बोललात कशाला?"

"साठ पोरी निजायच्या व्हत्या त्या मुरमावर," ती म्हणाली. "आन् खळगं व्हतं ते व्हतंच, बाई."

मी रडले, चारचौघांत. तिने पदराने स्वतःचं नाक पुसलं आणि मला म्हणाली, "पुरं आता, गाडीला उशीर व्हतुय."

ट्रॅक्टर सुरू झाल्यावर स्वप्नाने वरून एक पत्र्याची पेटी खाली दिली. वसतिगृहासाठी उन्हाळ्यातच घेतलेली, निळी, वर पांढऱ्या रंगात तिचं नाव. "ताई, ही माज्या खोलीत ठिवा. गुढीपाडव्याला येते."

तिच्या खोलीला अजून छत नाही. भिंतीही नाहीत, नुसते गज उभे आहेत. पण मी हो म्हटलं. परत येताना वाटेतूनच ठेकेदाराला फोन केला: वरचा स्लॅब फेब्रुवारीत पडला पाहिजे, मला कारणं नकोत.

पेटी सध्या माझ्या टेबलाखाली आहे. पाय ठेवायला अडचण होते. असू दे.